पेशी किती जोराने ओढते? डीएनएच्या धाग्याने पिकोन्यूटन मोजताना

काचेवर सोडलेली पेशी नुसती चिकटून बसत नाही. काही मिनिटांतच ती पसरते, कडा पुढे सरकवते आणि खालचा पृष्ठभाग स्वतःकडे ओढायला लागते. ओढण्याचं काम करतात आतले अॅक्टिनचे तंतू आणि त्यांना खेचणारं मायोसिन. ती ओढ बाहेर पोचवतं इंटिग्रिन, म्हणजे पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं आणि बाहेरच्या आधाराला पकडून ठेवणारं प्रथिन. जखम भरणं, रक्ताची गुठळी आकसून घट्ट होणं, टी-पेशीने (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीने) परका रेणू ओळखणं या सगळ्यांत अशी ओढ लागते. मग एकेक रेणू नेमका किती जोराने ओढतो, हा प्रश्न ओघाने येतोच.

इथलं एकक आहे पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. एका तांबड्या रक्तपेशीवर गुरुत्वाकर्षणाचं जेवढं बल असतं, तेवढं साधारण हे भरतं. मायोसिनचा एक रेणू काही पिकोन्यूटन बल लावतो. अडचण अशी की ३७ अंश सेल्सियसला पाण्याच्या रेणूंची धडपडही याच मापाची असते. तिथली ऊष्मीय ऊर्जा साधारण ४.३ पिकोन्यूटन-नॅनोमीटर आहे. म्हणजे मोजायचं बल आणि भोवतालचा गोंधळ यांच्यात फारसं अंतर नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडणारं मापन या गोंधळाचा हिशेब धरूनच बांधावं लागतं.

पूर्वीच्या पद्धती पेशीची ओढ दाखवायच्या, पण ठोक भावाने. १९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकोनच्या पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या आणि त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडताना दाखवल्या. पुढे मऊ जेलमध्ये चकाकणारे सूक्ष्म मणी घालून, ते किती सरकले यावरून बल काढायची रीत आली. ती आजही वापरात आहे आणि चांगली आहे, पण तिची नजर मायक्रोमीटरच्या आसपासची आणि हिशेब नॅनोन्यूटनचा. समजा एका चौरस मायक्रोमीटरमध्ये ५ नॅनोन्यूटन ओढ निघाली. तिथे हजार इंटिग्रिन असून प्रत्येक ५ पिकोन्यूटनने ओढत असेल, किंवा शंभरच इंटिग्रिन प्रत्येकी ५० पिकोन्यूटनने ओढत असतील आणि बाकीचे रिकामे बसले असतील. जेलला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पेशीला मात्र त्या सारख्या नसतात. ५ पिकोन्यूटनला न हलणारं प्रथिन ५० ला उलगडू शकतं आणि आतला संदेशच बदलतो.

डीएनएच का

रेणूच्या पातळीवर बल मोजायचं तर रेणूच्याच मापाचं काहीतरी पेशी आणि काच यांच्या मध्ये बसवायला हवं. ते ठराविक बलाला हमखास बदललं पाहिजे आणि बदललं की दिसलं पाहिजे. डीएनए इथे फार सोयीचं ठरतं. कुठल्या अक्षरांचा (ए, टी, जी, सी या घटकांचा) क्रम किती घट्ट जोडला जातो याची ऊर्जा चांगली माहीत आहे, त्यामुळे उघडायला लागणारं बल कागदावर काढता येतं आणि ऑप्टिकल ट्वीझर्सने, म्हणजे प्रकाशाच्या झोताने सूक्ष्म मणी पकडून ओढणाऱ्या साधनाने, पडताळता येतं. हवा तो क्रम बनवून मिळतो. ठरवलेल्या जागी डाय (चकाकणारा रेणू), बायोटिन (पृष्ठभागाला घट्ट धरणारा छोटा रेणू), पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) असं काहीही जोडता येतं. प्रथिनांच्या बाबतीत इतकी मोकळीक मिळत नाही.

यातून दोन घराणी तयार झाली. एक उघडझाप करणारं, दुसरं एकदाच तुटणारं. दोन्हींतून ‘बल’ नावाची गोष्ट बाहेर येते, पण ती एकच गोष्ट नसते.

उघडझाप करणारा हेअरपिन

हेअरपिन म्हणजे स्वतःवरच दुमडून जोडला गेलेला डीएनएचा एकेरी धागा. २०१४ साली खालिद सलैता यांच्या आणि क्रिस्टोफर चेन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे या कल्पनेवर बलमापक प्रसिद्ध केले. सलैता गटाच्या रचनेत हेअरपिनचा भाग २५ अक्षरांचा असतो: ९ जोड्यांचा दांडा आणि ७ अक्षरांचं वेटोळं. त्याच्या दोन्ही बाजूंना २१-२१ अक्षरांचे हात असतात आणि प्रत्येक हाताला एक वेगळा धागा जोडलेला असतो. खालच्या धाग्याच्या एका टोकाला बायोटिन, ज्याने तो काचेवरच्या स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाला धरतो, आणि दुसऱ्या टोकाला क्वेंचर, म्हणजे डायची चमक गिळणारा रेणू. वरच्या धाग्याच्या एका टोकाला साय-३बी सारखा डाय आणि दुसऱ्या टोकाला आरजीडी (तीन अमिनो आम्लांचा) क्रम असलेलं पेप्टाइड, ज्याला इंटिग्रिन पकडतं.

हेअरपिन मिटलेला असताना डाय आणि क्वेंचर जवळजवळ खेटून असतात, म्हणून सगळं काळोखात. पेशीने ओढलं, दांडा उलगडला, की दोघांत दहाएक नॅनोमीटरचं अंतर पडतं. चमक गिळली जाते ती डायची ऊर्जा क्वेंचरकडे गेल्यामुळे, आणि ही ऊर्जा-अदलाबदल अंतराच्या सहाव्या घाताने घसरते. निम्मी अदलाबदल ५.५ नॅनोमीटरला होते असं धरलं, तर २ नॅनोमीटरवर ९९ टक्क्यांहून जास्त चमक गिळली जाते आणि १० नॅनोमीटरवर जेमतेम ३ टक्के. प्रत्यक्षात क्वेंचर इतका चोख नसतो, तरी वीसेक पट उजळणं मिळतं. ओढ सुटली की दांडा पुन्हा मिटतो, ठिपका विझतो.

कोणत्या बलाला उघडायचं ते अक्षरांवर ठरतं. दांड्यात जी-सी जोड्या (या ए-टी जोड्यांपेक्षा घट्ट) थोड्या असतील तर अर्धे हेअरपिन साधारण ४.७ पिकोन्यूटनला उघडे सापडतात, आणि त्या वाढवल्या की हाच उंबरठा १३ किंवा १९ पर्यंत नेता येतो. उंबरठा हा शब्द इथे जपून धरायचा. उघडताना धागा १० नॅनोमीटर लांबतो असं धरून हिशेब केला, तर ४.७ पिकोन्यूटनच्या हेअरपिनपैकी ५.७ ला ९१ टक्के उघडे असतात, ३.७ ला ९ टक्के आणि २.७ ला एक टक्काही नाही. म्हणजे हा काटा नव्हे, हे बटण आहे. ६ पिकोन्यूटन आणि ३० पिकोन्यूटन, दोन्हींना तो सारखाच उजळतो.

म्हणून चित्रात एखादी जागा दुप्पट उजळ दिसली तर तिथे बल दुप्पट आहे असं म्हणता येत नाही. तिथे उंबरठा ओलांडणारे रेणू दुप्पट आहेत, एवढंच म्हणता येतं. या क्षेत्रातले सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात, आणि ते टाळायला गणित लागत नाही, भाषा लागते. ‘बलाचा नकाशा’ न म्हणता ‘४.७ पिकोन्यूटनपेक्षा जास्त ओढणाऱ्यांचा नकाशा’ म्हटलं तरी पुष्कळ काम होतं. बलाची पातळी हवी असेल तर वेगवेगळ्या उंबरठ्यांचे हेअरपिन घेऊन तोच प्रयोग परत करावा लागतो. २०१६ साली टी-पेशींच्या बाबतीत असंच केलं गेलं. १२ च्या आसपासचे हेअरपिन उघडले, १९ चे उघडले नाहीत, म्हणून टी-पेशीचा ग्राहक (परका रेणू पकडणारं तिच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) १२ ते १९ पिकोन्यूटनच्या पट्ट्यात ओढतो असं सांगता आलं.

आणखी एक सापळा आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. दोन्ही हातांच्या २१ जोड्यांनाही एक मर्यादा आहे. ओढ पन्नाशीच्या पुढे गेली की हाताची जोडणीच सुटते आणि डायसकट वरचा धागा पेशीबरोबर निघून जातो. तिथे पुन्हा काळोख. म्हणजे हेअरपिनच्या चित्रातला काळा भाग ‘ओढ नाही’ असंही सांगू शकतो आणि ‘फार ओढ होती’ असंही. डायचं एकूण प्रमाण प्रयोगाआधी आणि नंतर तपासल्याशिवाय यातलं खरं काय ते कळत नाही.

एकदाच तुटणारा दुहेरी धागा

२०१३ साली शुएफेंग वांग आणि तेकजिप हा यांनी ‘टेन्शन गेज टेदर’ मांडला. त्यात हेअरपिन नाही, साधा दुहेरी डीएनए आहे. एक धागा बायोटिनने काचेला, दुसरा पेप्टाइडने इंटिग्रिनला. ओढ मर्यादेपलीकडे गेली की दोन धागे विलग होतात आणि पेशीचा आधार सुटतो.

यातली खरी गंमत बायोटिनच्या जागेत आहे. बायोटिन आणि पेप्टाइड दुहेरी धाग्याच्या एकाच टोकाला असतील तर ओढ एकेका जोडीवर पडते आणि कपड्याची चेन उघडावी तसे दात एकामागून एक सुटत जातात. याला १२ पिकोन्यूटन पुरतात. दोघे विरुद्ध टोकांना असतील तर ओढ लांबीच्या दिशेने सगळ्यांवर वाटली जाते आणि २१ जोड्यांच्या धाग्याला ५६ पिकोन्यूटन लागतात. बायोटिन मधल्या एखाद्या अक्षरावर नेलं तर मधले आकडे मिळतात. ओढीच्या वाटेत ४ जोड्या येत असतील तर २३, ७ असतील तर ३३, ११ असतील तर ४३. क्रम तोच, रसायन तेच, फक्त एक जागा बदललेली. तुलनेसाठी इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच मिळते.

मग धागा आणखी लांब करून १०० पिकोन्यूटन का मोजू नयेत? ताण सगळ्या जोड्यांवर सारखा पसरत नाही म्हणून. तो दोन्ही टोकांच्या सातेक जोड्यांत साठतो आणि मधल्या जोड्या जवळजवळ निवांत असतात. २१ ऐवजी ४२ जोड्या घेतल्या तरी हे आकडे काढायच्या सूत्रातून जेमतेम ६० पिकोन्यूटन निघतात.

या आकड्यांमागे एक अट दडलेली असते. ५६ म्हणजे ‘दोन सेकंदांत तोडणारं बल’. त्याहून कमी बल जास्त वेळ धरून ठेवलं तरी धागा तुटतो, कारण ऊष्मीय धक्के मदतीला असतात. पेशीचा इंटिग्रिन किती वेळ धरून ठेवतो हे आधी माहीत नसतं. त्यामुळे ५६ चा धागा तुटला म्हणजे तिथे ५६ पिकोन्यूटन होतेच, असा दावा करू नये. वेगवेगळ्या धाग्यांची आपसातली तुलना मात्र भरवशाची असते.

पहिल्याच अभ्यासात निघालं की पेशी नीट चिकटून पसरायला एकेका इंटिग्रिनमागे साधारण ४० पिकोन्यूटन सोसणारा आधार लागतो, तर नॉच या ग्राहकाला (शेजारच्या पेशीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) १२ हून कमी पुरतात. ‘४० पिकोन्यूटन’ हे वाक्य पुढे खूप फिरलं आणि बऱ्याचदा ‘प्रत्येक इंटिग्रिन ४० ने ओढतो’ असं वाचलं गेलं. तसं त्याचं म्हणणं नाही. काही इंटिग्रिन कधीतरी त्या पातळीला जातात आणि त्या वेळी आधार टिकला नाही तर पेशीला पसरता येत नाही, असं ते म्हणणं आहे. हेअरपिन कमी आकडे दाखवतो आणि हा धागा जास्त, यात विसंगती नाही. हेअरपिन ‘आत्ता या क्षणी किती जण ओढताहेत’ ते सांगतो. तुटणारा धागा ‘आतापर्यंत एकदा तरी कोणी इतकं ओढलं का’ ते साठवत जातो. शिवाय तो तुटला की पेशीच्या पायाखालचा आधारच जातो, म्हणजे मोजणारं साधन मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करतं. १२ पिकोन्यूटनच्या धाग्यांवर पेशी पसरत नाहीत त्या यामुळेच.

पृष्ठभाग तयार करताना

कागदावरची रचना कितीही सुंदर असली तरी प्रयोग बिघडतो तो काचेवर. तुटणाऱ्या धाग्यासाठी सोपी रीत अशी: स्वच्छ काचेवर बायोटिन जोडलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३० मिनिटं. धुऊन न्यूट्राव्हिडिन (स्ट्रेप्टाव्हिडिनसारखंच बायोटिनला धरणारं प्रथिन) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३० मिनिटं. पुन्हा धुऊन ०.१ मायक्रोमोलर डीएनए, ३० मिनिटं. यात बीएसए काचेला नुसतं चिकटलेलं असतं, रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. जोराने ओढणाऱ्या पेशी ते सोलून काढू शकतात आणि ते दिसायला धागा तुटल्यासारखंच दिसतं (पेप्टाइडच्या धाग्यावर डाय असला की तुटलेल्या जागी काळा डाग उरतो). म्हणून एक जोडप्रयोग हवाच: डाय आणि पेप्टाइड दोन्ही बायोटिनच्याच धाग्यावर असलेला, न तुटणारा डीएनए. त्याच्यावरही पेशीखाली काळे डाग पडले तर पृष्ठभाग सोलला जातोय. मग काचेला अमीनचा थर देऊन बायोटिन रासायनिक बंधाने बसवावं.

हेअरपिन जुळवताना तिन्ही धागे १ मोलर मिठाच्या द्रावणात ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास घ्यायचे, ९५ अंशांना ५ मिनिटं ठेवायचे आणि अर्ध्या तासात २५ अंशांपर्यंत हळूहळू थंड करायचे. प्रमाण हेअरपिन १ भाग, बाकीचे दोन १.१ भाग. हेअरपिन जास्त झाला तर अर्धवट जुळलेले रेणू तयार होतात. वरचा धागा जास्त राहिला तर त्याला बायोटिन नसल्यामुळे तो धुण्यात जातो, पण धुणं कसोशीने करायला हवं. मोकळं फिरणारं आरजीडी पेशीचे इंटिग्रिन आधीच अडवून ठेवतं आणि मग पेशी चिकटतच नाहीत.

बायोटिन आणि क्वेंचर एकाच धाग्यावर ठेवण्यामागे विचार आहे. एकटा पडलेला खालचा धागा काचेवर बसला तरी काळाच राहतो, त्रास देत नाही. त्रास देतो तो बायोटिन असलेला पण क्वेंचर न जोडला गेलेला धागा. बरोबर जुळलेला हेअरपिन ५ टक्के चमक सोडत असेल आणि १०० पैकी ५ रेणूंना क्वेंचरच नसेल, तर पार्श्वभूमीची चमक जवळजवळ दुप्पट होते. बल नसताना आपोआप उघडणाऱ्या हेअरपिनचं प्रमाण हिशेबाने हजारात एकही भरत नाही. तेव्हा पार्श्वभूमी उजळ दिसली की आधी धाग्याच्या शुद्धतेवर संशय घ्यावा. एचपीएलसीने (द्रावणातले रेणू वेगळे करण्याच्या तंत्राने) शुद्ध केलेले धागेच घ्यावेत, इथे काटकसर करू नये.

पेशी सोडल्यावर

पेशी ताटलीतून उचलताना ट्रिप्सिन हे विकर टाळलेलं बरं, कारण ते पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. ईडीटीएच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने पेशी सुटतात, मात्र ईडीटीए धुऊन काढून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम परत द्यावं लागतं. त्यांच्याशिवाय इंटिग्रिन आरजीडीला धरत नाही. माध्यमात सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) नको, दोन कारणांनी. त्यातलं फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन काचेवर बसतं आणि पेशी डीएनएला बगल देऊन त्यालाच धरतात, आणि त्यातली न्यूक्लिएज विकरं डीएनए कुरतडतात. सीरम काढलं तरी पेशी स्वतः फायब्रोनेक्टिन स्रवतेच, म्हणून पहिला एक-दोन तासांचा काळ सगळ्यात विश्वासाचा. जास्त वेळचे प्रयोग करायचे तर एका धाग्याच्या जागी पीएनए (डीएनएसारखाच, पण वेगळ्या कण्याचा कृत्रिम रेणू) वापरतात. त्याला न्यूक्लिएज ओळखत नाहीत, पण त्याची जोडणी डीएनएपेक्षा घट्ट असल्यामुळे तुटण्याचे आकडे नव्याने ठरवावे लागतात.

दिसलेली चमक बलाचीच आहे याची खात्री तीन गोष्टींनी होते. आरजीडीच्या जागी आरजीई (इंटिग्रिन न पकडणारा क्रम) असलेला प्रोब, म्हणजे हाच डीएनए-बलमापक, काळाच राहायला हवा. क्वेंचर नसलेला प्रोब सगळीकडे सारखा उजळ दिसायला हवा, नाहीतर प्रोबची दाटीच कमी-जास्त आहे. आणि अॅक्टिन मोडणारं लॅट्रन्क्युलिन टाकल्यावर हेअरपिनची चमक काही मिनिटांत विझायला हवी. मायोसिन थांबवायला ब्लेबिस्टॅटिन वापरलं तर निळा प्रकाश टाळावा, कारण त्यात ते विघटन पावून पेशीला मारतं. तुटणाऱ्या धाग्याच्या बाबतीत औषध आधी द्यावं लागतं. नंतर दिलं तर तुटलेलं तुटलेलंच राहतं आणि प्रयोग काहीच सांगत नाही.

क्षणभर ओढून सोडणाऱ्या पेशींसाठी, विशेषतः टी-पेशींसाठी, हेअरपिनची उघडझाप अडचणीची ठरते. कुठल्याही एका क्षणी फारच थोडे हेअरपिन उघडे सापडतात. त्यावर २०१९ साली एक नेटका उपाय आला. हेअरपिन उघडला की उघडी पडणारी अक्षरं ओळखून तिथे बसणारा एक छोटा धागा माध्यमात सोडायचा. तो बसला की हेअरपिन मिटूच शकत नाही आणि ओढीच्या खुणा साठत जातात. मोजून झालं की दुसरा एक धागा टाकून कुलूप काढता येतं. तुटणाऱ्या धाग्यासारखी साठवण मिळते, पण पेशीचा आधार जात नाही. याच उघड्या पडणाऱ्या अक्षरांवर क्षणभर बसून उठणारे चकाकणारे धागे वापरून २०२० साली ओढीची चित्रं २५ नॅनोमीटरच्या बारकाव्यापर्यंत नेली गेली.

हे सगळं काचेवर चालतं ही मर्यादा राहतेच. काचेचा ताठपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, मऊ ऊतींचा किलोपास्कलमध्ये, आणि ताठ पृष्ठभागावर पेशी जास्त जोराने ओढतात. मऊ जेलवर हेच प्रोब बसवता येतात, फक्त तिथे पृष्ठभाग पेशीबरोबर हलतो आणि प्रोबची दाटी जागोजागी बदलते. त्यामुळे नुसत्या चमकेवर विसंबता येत नाही. अशा वेळी ओढीने न बदलणारा दुसऱ्या रंगाचा डाय प्रोबवर लावून दोन्हींचं गुणोत्तर घ्यावं लागतं. पेशीच्या आतली ओढ तर या प्रोबच्या आवाक्याबाहेरच आहे. तिथे पेशीनेच बनवलेले प्रथिनांचे बलमापक लागतात. २०१० साली व्हिन्क्युलिन या प्रथिनात कोळ्याच्या रेशमातून घेतलेला ४० अमिनो आम्लांचा लवचिक तुकडा घालून असाच एक बनवला गेला, आणि त्यावरून स्थिर चिकटस्थानी व्हिन्क्युलिनच्या रेणूमागे सरासरी २.५ पिकोन्यूटन ताण निघाला.